प्राचीन सैन्ये नद्या कशा ओलांडीत?

इतिहासाच्या पुस्तकात एक वाक्य वारंवार भेटते : 'मग राजाने नदी ओलांडली व शत्रूवर चाल केली.' वाक्य लहान. पण त्यात पुष्कळदा सबंध मोहिमेचा निकाल दडलेला असतो. हजारो माणसे, घोडे, धान्याचे गाडे, तंबू, आजारी, जखमी आणि मागून येणारे बाजारबुणगे असे ते लटांबर दुथडी वाहणाऱ्या पाण्यापलीकडे गेले कसे? पूल नाही, नावा शत्रूने जाळलेल्या, आणि पैलतीरावर तोच शत्रू भाले रोखून उभा. वर्गात हे वाक्य आम्ही शिक्षक भरभर वाचून पुढे जातो, पण एखादा चौकस विद्यार्थी नेमके येथेच बोट ठेवतो आणि विचारतो, "गुरुजी, हत्ती कसे नेले?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर या लेखात द्यावयाचे आहे.

धर्मादाय संस्थेच्या स्मरणिकेत लढाईचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. लढाईचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. अडचण समोर उभी राहिली असता माणूस कसा विचार करतो, कोणाची मदत घेतो आणि कोठे चुकतो, हे पाहण्यास नदीसारखे दुसरे उदाहरण नाही. प्राचीन सेनापतींचे वृत्तांत वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते. नदी पाण्यात उतरल्यावर ओलांडली जात नाही. ती आधी ऐलतीरावरच ओलांडली जाते.

तीन अडचणी

नदीची पहिली अडचण म्हणजे पाणी. छातीइतके पाणी उभ्या माणसाला तसे भय घालीत नाही, पण त्याला ओढ असली तर तेच पाणी त्याचे पाय उचलते. अंगावर शस्त्रे असली तर मग विचारावयास नको. म्हणून उतारावरूनही सैन्य नेताना युक्ती करीत. इ. स. पूर्व ४९ मध्ये स्पेनमधील सिकोरिस नदीत ज्यूलियस सीझरने ओझ्याच्या जनावरांच्या दोन रांगा उभ्या केल्या, एक प्रवाहाच्या वरच्या अंगास व एक खालच्या अंगास, आणि मधून पायदळ नेले. वरची रांग पाण्याचा जोर मोडी. खालच्या रांगेच्या आधारे वाहून जाणारा माणूस सावरला जाई.

दुसरी अडचण सामानाची. माणूस पोहून जाईल. धान्य पोहत नाही. तिसरी अडचण शत्रूची, आणि ती सर्वांत मोठी. निम्मे सैन्य पलीकडे आणि निम्मे अलीकडे असते, तेव्हा ते जितके दुबळे असते तितके एरवी कधीच नसते. प्राचीन चिनी युद्धशास्त्रज्ञ सुन त्झू याचा उपदेशच असा आहे की, शत्रू नदी उतरू लागला की त्याला पाण्यात गाठू नये. निम्मा पार होऊ द्यावा आणि मग तुटून पडावे.

कातडे, गवत आणि दोरा

नदी ओलांडण्याचे अतिशय जुने व अतिशय स्वस्त साधन म्हणजे जनावराचे कातडे. असुर राजा दुसरा अशूरनसिरपाल (इ. स. पूर्व ८८३ ते ८५९) याच्या निमरूद येथील राजवाड्यातील कोरीव शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत सैनिक फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पोहून जात आहेत, घोडे पाण्यात पोहत आहेत आणि रथ नावेत घातलेला आहे, अशी दृश्ये स्पष्ट दिसतात. म्हणजे सुमारे एकोणतीसशे वर्षांपूर्वीही ही गोष्ट नवी नव्हती. आपल्याकडील पखाल किंवा मशक डोळ्यांपुढे आणली की ते कातडे कसे असेल हे कोणालाही कळेल. फरक इतकाच की, येथे मशकेत पाण्याऐवजी हवा भरावयाची.

यामागचे गणित मुलांना सहज समजेल. बकऱ्याच्या कातड्यात पंचवीस-तीस लिटर हवा मावली, तर ते कातडे जवळजवळ तितक्याच किलोचा भार पाण्यावर तोलून धरते. माणसाचे वजन पाण्यात मुळातच फार थोडे उरते. त्यामुळे एक कातडे एका माणसाला त्याच्या हत्यारांसह तारू शकते.

ग्रीक लेखक झेनोफोन याने इ. स. पूर्व ४०१ मधील एक मासलेवाईक प्रसंग नोंदला आहे. इराणच्या भूमीतून माघार घेणारे ग्रीक सैन्य तैग्रिस नदीशी अडले. पाणी इतके खोल की भाल्यानेही तळ लागेना. तेव्हा ऱ्होड्स बेटाचा एक सैनिक पुढे आला. दोन हजार कातडी द्या, मी एका वेळी चार हजार माणसे पार करतो, असे तो म्हणाला. त्याची योजना अशी : फुगवलेली कातडी एकमेकांस बांधावयाची, प्रत्येकाला दगड अडकवून नांगरासारखा पाण्यात सोडावयाचा, वर काटक्या व माती पसरावयाची, एकेक कातडे दोन माणसांना तोलील. मेंढ्या, बकऱ्या, बैल व गाढवे तर भोवती होतीच. सेनानायकांना युक्ती पसंत पडली, पण ती अमलात आली नाही. पलीकडे शत्रूचे घोडदळ उभे होते आणि ते पहिल्या माणसालाच काठावर पाय ठेवू देणार नव्हते. साधन होते, अक्कल होती. पैलतीर मोकळे नव्हते. हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण सिकंदराने पुढे सोडवले ते हेच कोडे.

सिकंदरापाशी कातड्याचा साठा आयताच होता, तो म्हणजे सैन्याचे तंबू. इ. स. पूर्व ३३५ मध्ये डॅन्यूब नदीवर त्याने तंबूंच्या कातड्यांत वाळलेले गवत भरले, आसपासच्या लोकांच्या एकलाकडी होड्या गोळा केल्या आणि एका रात्रीत सुमारे १५०० स्वार व ४००० पायदळ पलीकडे उंच पिकाच्या आडोशाला उतरवले. इ. स. पूर्व ३२९ मध्ये मध्य आशियातील ऑक्सस, म्हणजे आजची आमूदर्या, त्याला आडवी आली. पात्र सुमारे एक किलोमीटर रुंद, तळ वाळूचा. खांब रोवावा तर प्रवाह तो उपटून नेई. जवळपास लाकूड नाही आणि नावा शत्रूने जाळलेल्या. पुन्हा तंबूच उपयोगी पडले. कातड्यांत कोरडा भुसा भरून ती पक्की शिवून घेतली आणि सारे सैन्य पाच दिवसांत पार झाले.

येथे शिवणीचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. माणसाला तारते ते गवत नव्हे. गवताच्या काड्यांमध्ये कोंडलेली हवा तारते. शिवण कच्ची राहिली, पाणी आत शिरले, की गवत भिजते आणि तरंगणारे कातडे जड ओझे होते. जगज्जेत्याचा प्राण त्या रात्री शिवणाऱ्याच्या टाक्यावर टांगलेला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही.

झेलमचा काठ

आता या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण पाहू. इ. स. पूर्व ३२६. स्थळ पंजाबातील झेलम, आपली वैदिक वितस्ता. ग्रीक तिला हिडास्पीस म्हणत. त्यापूर्वी सिंधूवर सिकंदराच्या सरदारांनी आगाऊ जाऊन पूल सिद्ध ठेवला होता. झेलमवर मात्र पलीकडे राजा पोरस आपले सैन्य व हत्ती घेऊन उभा होता. ऋतू उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाचा आरंभ. डोंगरातले बर्फ वितळलेले, नदी गढूळ व फुगलेली.

सिकंदराने प्रथम सिंधूवरच्या नावा मागवल्या. त्या झेलमपर्यंत आणल्या कशा? लहान नावांचे दोन आणि तीस वल्ह्यांच्या नावांचे तीन तुकडे केले, ते गाड्यांवर घातले आणि झेलमच्या काठी पुन्हा जोडले. सुताराचे हे काम तलवारीच्या कामापूर्वी कित्येक दिवस चालले होते.

पण नावा असूनही समोरासमोर उतरणे अशक्य होते. घोडे हत्तींना बुजतात. पैलतीरावर हत्ती दिसताच, त्यांचा चीत्कार ऐकताच घोडे तराफ्यावरून पाण्यात उड्या घेणार, हे सिकंदर जाणून होता. म्हणून त्याने दोन गोष्टी केल्या. छावणीत धान्याचे ढीग आणवले, जेणेकरून नदी उतरेपर्यंत, म्हणजे हिवाळ्यापर्यंत, हा येथेच बसणार असे पोरसला वाटावे. आणि रोज रात्री घोडदळ काठाने इकडून तिकडे फिरवून आरडाओरडा, रणगर्जना, शिंगांचा आवाज असा गदारोळ सुरू केला. प्रत्येक वेळी पोरस आपले हत्ती घेऊन त्या आवाजाच्या समोर धावे. काही रात्री गेल्या. आवाज होई, पण कोणी उतरत नसे. हळूहळू पोरसने धावणे सोडले.

पोरसला येथे दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्याने उतारावर पहारे बसवले होते. तो सावध होता. परंतु रक्षण करणाऱ्याला सगळा काठ राखावा लागतो. उतरणाऱ्याला एकच जागा पुरते. रात्रीमागून रात्र हत्तींना चिखलातून पळवणे कोणाही राजाला परवडणारे नव्हते. सिकंदराने पोरसच्या डोळ्यांत धूळ फेकली नाही. त्याने त्याचे कान थकवले.

मग जागा निवडली. छावणीपासून सुमारे २७ किलोमीटर अंतरावर नदीने वळण घेतले होते. तेथे झाडीने भरलेला उंच काठ आणि समोर पात्रात दाट झाडीचे निर्मनुष्य बेट होते. मुख्य छावणीत क्रेटरस या सरदाराला मोठ्या सैन्यासह ठेवले. पोरस हत्ती घेऊन तेथून हलला तरच त्याने उतरावे, अशी आज्ञा होती. मधल्या अंतरावर आणखी तुकड्या ठेवल्या. रात्री कातड्यांत गवत भरून ती शिवली. योगायोगाने त्या रात्री मोठे वादळ झाले. ढगांच्या गडगडाटात कामाचा व शस्त्रांचा आवाज बुडून गेला. पहाटे वारा-पाऊस थांबताच नावा व तराफे निघाले.

आणि इतकी तयारी करूनही घोटाळा झालाच. ज्याला पैलतीर समजून सैन्य उतरले, ते दुसरे एक मोठे बेट निघाले! मध्ये एक लहानसा प्रवाह होता, पण रात्रीच्या पावसाने तो फुगला होता. उतार शोधण्यात वेळ गेला. अखेर पायदळ छातीच्या वर पाण्यातून आणि घोडे केवळ माना वर काढून पलीकडे गेले. पोरसच्या मुलाने घोडदळ व रथ घेऊन धाव घेतली. पण चिखलात रथांची चाके रुतली. पुढील लढाई व पोरसचे शौर्य सर्वांना ठाऊक आहे. सिकंदराबरोबर त्या पहाटे पार झालेले पायदळ एरियनच्या हिशेबाने सुमारे सहा हजार आणि घोडदळ पाच हजार होते. उरलेले सैन्य पलीकडे राहून, काहीही न करता, पोरसला अर्धवट बांधून ठेवीत होते.

हत्ती कसे नेले?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. इ. स. पूर्व २१८ मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीकडे जाताना फ्रान्समधील ऱ्होन नदीपाशी आला. त्याच्याजवळ ३७ हत्ती होते आणि पलीकडे गॉल लोक अडवून उभे होते. त्याने काठच्या लोकांच्या होड्या विकत घेतल्या. हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण लुटलेली होडी मिळते, पण तिचा नावाडी पळून जातो. मग हान्नो नावाच्या सरदाराला गुपचूप प्रवाहाच्या वर पाठवले. तेथे बेटामुळे नदी दुभंगली होती. त्याने झाडे तोडून तराफे केले व तो पार झाला. शत्रूच्या पाठीमागून धुराची खूण दिसताच हॅनिबल समोरून निघाला. गॉल लोक दोहोंकडून सापडले व पळाले.

मग हत्ती. पाण्यावरच्या हलत्या तराफ्यावर हत्ती पाऊल ठेवीना. तेव्हा काठाला लागून तराफ्यांचा लांब धक्का बांधला, त्यावर माती पसरली, म्हणजे तो जमिनीसारखाच दिसावा. दोन हत्तिणी पुढे चालवल्या. त्यांच्यामागे हत्ती निमूटपणे गेले. टोकाचा तराफा दोर तोडून नावांनी ओढला, की हत्ती आपोआप पाण्यावर! काही हत्ती बिथरून नदीत पडले आणि माहूत बुडाले. हत्ती मात्र सोंड वर काढून श्वास घेत पलीकडे निघाले. हा वृत्तांत देणारा पॉलिबियस माहुतांना सरसकट 'इंडियन' म्हणतो. ती विद्या मूळची कोणाची, हे त्या एका शब्दात नोंदले गेले आहे.

पूल बांधणारा सीझर

सीझरने मात्र इ. स. पूर्व ५५ मध्ये ऱ्हाइन नदीवर निराळाच मार्ग पत्करला. नावांनी जाणे सुरक्षित नाही आणि रोमच्या प्रतिष्ठेला शोभणारेही नाही, असे तो लिहितो. लाकूड गोळा करण्यास आरंभ केल्यापासून दहा दिवसांत पूल उभा राहिला. त्यातील बुद्धी पाहण्यासारखी आहे. खांब सरळ न ठोकता तिरपे ठोकले. वरच्या अंगाचे प्रवाहाच्या दिशेने आणि खालच्या अंगाचे प्रवाहाविरुद्ध कललेले. त्यांवरच्या तुळया अशा अडकवल्या की, पाण्याचा जोर वाढावा तशी जोडणी अधिक घट्ट व्हावी. शत्रूने वरून ओंडके सोडले तर पूल मोडू नये म्हणून वरच्या बाजूस स्वतंत्र खुंट ठोकले. सीझर अठरा दिवस पलीकडे राहिला, परत आला आणि त्याने पूल तोडून टाकला. तो पूल वाट नव्हती, धाक होता : आम्ही मनात आणू तेव्हा येऊ शकतो.

आपल्याकडील शास्त्र आणि आपल्याकडील अनुभव

हे सर्व परक्यांचे, आपल्याकडे काय, असे वाचक विचारतील. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी आर. शामशास्त्री यांनी म्हैसूर येथे १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केली. पुढे मुंबई विद्यापीठाने १९६० पासून आर. पी. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. त्या ग्रंथाच्या दहाव्या अधिकरणात सैन्य पाण्यापार नेण्याची साधने एका दमात सांगितली आहेत : हत्ती, खांबांवरचे पूल, बांध, नावा, लाकडांचे व वेळूंचे तराफे, भोपळे, कातड्याने मढवलेल्या टोपल्या आणि फुगवलेल्या पखाली. ज्यांनी कमरेला भोपळ्यांची सांगड बांधून गावच्या नदीत पोहण्याचे धडे घेतले, त्यांनी नकळत अर्थशास्त्रातील एक साधन वापरले आहे. कातड्याने मढवलेली टोपली म्हणजे तुंगभद्रेवरचा हरिगोलच.

त्याच्या लगेच पुढे कौटिल्य सांगतो की, उतार शत्रूने रोखला असेल तर हत्ती-घोड्यांसह दुसरीकडून रात्री पार व्हावे आणि दबा धरावा. झेलमवर जे घडले त्याचेच हे शास्त्र!

ही युक्ती जुनी झाली म्हणून निकामी झाली नाही. इ. स. १५६५ च्या जानेवारीत कृष्णेच्या काठी विजयनगरचे सैन्य उतार रोखून होते. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा व बीदर येथील सुलतानांच्या फौजा काठाकाठाने दुसरीकडे सरकल्या. समोरचे सैन्यही तसेच सरकले. मग त्या फौजा झपाट्याने परत फिरून मोकळ्या पडलेल्या मूळ उतारावरून पार झाल्या, असे विजापूरच्या दरबारी लिहिणारा फिरिश्ता सांगतो. त्या घटनेत पुष्कळ लोक धर्माचा विजय-पराजय शोधतात. नदीला धर्म नसतो. तिला राखलेला उतार आणि न राखलेला उतार एवढेच ठाऊक असते.

आणि मराठी माणसाला ज्या नदीचे नाव घेताच हुरहूर वाटते, ती यमुना. १७ ऑक्टोबर १७६० रोजी मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेस कुंजपुरा जिंकले. अहमदशहा अब्दाली पूर्वतीरावर होता. यमुनेला पूर होता. तो पूर हाच आपला तट, असे वाटत असताना २५ ऑक्टोबरला अब्दालीचे सैन्य बागपतजवळ नदी उतरू लागले. तेथे त्याला अडवील असे मोठे मराठी सैन्य नव्हते. एकदा तो अलीकडे आला, तेव्हा मराठ्यांचा दिल्लीचा, म्हणजेच दक्षिणेचा, रस्ता तुटला. १४ जानेवारी १७६१ चा पानिपताचा संहार पुढे अडीच महिन्यांनी झाला. आपण पानिपतावर नशिबाचा शिक्का मारतो. पण त्या नशिबाचा एक मोठा भाग बागपतच्या उतारावर ठरला होता. पूर तटाचे काम करतो खरा, पण तटावर पहारा लागतोच.

ज्यांची नावे राहिली नाहीत

या सर्व कथांत राजांची व सरदारांची नावे आहेत. कातडी कमावणारा, ती शिवणारा, नावेचे तुकडे पुन्हा जोडणारा सुतार, उतार दाखवणारा काठचा कोळी, हत्तीबरोबर बुडालेला माहूत यांची नावे नाहीत. तैग्रिसच्या काठी योजना मांडणाऱ्या त्या सैनिकाचेही गावच तेवढे राहिले, नाव राहिले नाही.

एक अपवाद मात्र सुखद आहे. १५३९ मध्ये चौसा येथे शेरखानाकडून पराभूत झालेला हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या एका भिश्त्याने आपली फुगवलेली मशक देऊन त्याला तारले. हुमायूनने पुढे शब्द पाळला आणि त्या पाणक्याला थोडा वेळ आपल्या सिंहासनावर बसवले. दरबारी लोक त्यावर नाराज झाले असतील. पण असुरांच्या शिलापटापासून चाललेल्या या दीर्घ कथेत, ज्याच्या हातातल्या कातड्याने राजे तरले त्याला एकदा तरी मान मिळाला, याचा संतोष वाटतो.

तरुण वाचकांनी झेलमच्या प्रसंगाचा नकाशा कागदावर काढावा. छावणी, वळण, बेट, मधल्या तुकड्या आणि पोरसचे हत्ती दाखवावेत, आणि मग प्रत्येक ठिकाणी लिहावे : येथे कोणाचे काम होते? उत्तरांत तलवार फार थोड्या ठिकाणी येईल. सुई, वाकस, दोर आणि वाट पाहणे हीच उत्तरे अधिक येतील. पुढच्या वेळी पुस्तकात 'राजाने नदी ओलांडली' असे वाचताना त्या उत्तरांची आठवण ठेवावी.